नवरा रात्री दोन वाजेपर्यंत "फुकटचं" काम करतो, काय करू?

परवा एका ताईंनी विचारलं, नवरा वेब डेव्हलपर आहे, दिवसभर कंपनीचं काम करतो आणि जेवण झालं की परत लॅपटॉप उघडून ओपन सोर्सचं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं, काहीतरी करत बसतो, दोन वाजतात, रुपया मिळत नाही, बोललं की चिडतो, हे व्यसन आहे का? हा प्रश्न बायका विचारतात, आईवडील विचारतात आणि खरं सांगायचं तर ती मुलं स्वतःही विचारतात, फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात. म्हणून माझ्याकडे आलेल्या एका मुलाची केस सांगते. त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तेहेतीस वर्षांचा मुलगा, मूळचा नाशिककडचा, नोकरी पुण्यात. बीएस्सी झालेला, इंजिनिअर नाही आणि ते त्याला कायम खुपायचं. वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्याच्या मराठी भाषांतरात थोडी थोडी मदत करायला लागला, मग वर्डकॅम्पला, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांच्या मेळाव्याला गेला आणि तिथे कॉन्ट्रिब्युटर डेच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्डप्रेससाठी काम करायच्या दिवशी, टेबलावर पहिल्यांदा कोणीतरी त्याचं काम बघून "हे तू केलंस? भारी आहे" म्हणालं, डिग्री कुठली ते कोणी विचारलंच नाही. हे त्याने मला पहिल्याच सेशनला सांगितलं, सांगताना डोळे भरून आले होते. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसासमोर "फुकटचं" हा शब्द मी तरी वापरणार नाही. पुढच्या दोन नोकऱ्या त्याला याच ओळखीतून लागल्या, हेही घरच्यांना नीट माहीत नव्हतं.

मग बिनसलं कुठे? त्याने एक छोटं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसच्या साइटला जोडायची जादा सोय, लिहून मोफत टाकलं आणि ते बघता बघता 40 हजार साइट्सवर गेलं. आता वर्डप्रेसचं मोठं व्हर्जन आलं की टेस्टिंग करा, तीन मोठी व्हर्जन्स टेस्ट केलं नाही तर प्लगिनच्या पानावर इशारा झळकतो, त्यात रोज कोणीतरी "माझी साइट बंद पडली, लगेच बघा" म्हणून एक स्टार देऊन जातो. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी हा हॉस्पिटलच्या जिन्यात बसून अशाच एका रिव्ह्यूला उत्तर देत होता. बायको त्याला माझ्याकडे घेऊन आली ती त्यानंतर.

मी त्याला दोन आठवडे वही ठेवायला सांगितली, कुठलं काम किती वेळ केलं आणि उठताना कसं वाटलं, बास एवढंच. तो म्हणायचा रोज तासभर जातो, वहीत आठवड्याचे एकोणीस तास निघाले. त्यातले अकरा तास नुसत्या तक्रारींचे आणि त्या प्रत्येक ओळीपुढे "छातीत धडधड" नाहीतर "झोप नाही" लिहिलेलं. भाषांतराचे तास तीनच होते, त्यांच्यापुढे "बरं वाटलं". घरचे या सगळ्याला एकच नाव देत होते आणि तोही तसंच समजत होता, त्यामुळे भांडण कायम "सगळं सोड" विरुद्ध "काहीच सोडणार नाही" असं व्हायचं.

मी विचारलं, प्लगिन दुसऱ्या कोणाला का देत नाहीस? तर तो एकदम ताठ झाला, म्हणाला, मॅडम तुम्हाला एक्सझेड माहितीये का? मला माहीत नव्हतं, त्यानेच सांगितलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सगळीकडे वापरली जाणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम्सना लागणारा तयार कोड, सांभाळणारा मुख्य माणूस एकच, बिनपगारी, त्याने उघडपणे लिहिलं होतं की मानसिक त्रासामुळे मला झेपत नाहीये, तरी लोक मागे लागलेले. मग एका "मदतनीसाने" दोनेक वर्षं गोड वागून विश्वास कमावला आणि शेवटी त्यात बाहेरून गुपचूप आत शिरता येईल असा चोरदरवाजा घातला, 2024 च्या मार्चमध्ये तो एका इंजिनिअरच्या नजरेत आला म्हणून निभावलं. म्हणजे याची भीती खरी होती, "जाऊ दे रे" म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हतीच.

पण मला त्या गोष्टीत थकलेला एकटा माणूसच जास्त दिसला आणि मी ते तसंच बोलून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग आपणहून म्हणाला, वर्डप्रेस पण असंच आलंय. मिशेल वाल्ड्रिगी नावाच्या माणसाचं बीटू म्हणून सॉफ्टवेअर होतं, तो त्यातून बाजूला झाला, 2003 च्या जानेवारीत मॅट मुलेनवेगने लिहिलं की मी हा कोड पुढे नेईन म्हणतो, माइक लिटल म्हणाला मीही येतो आणि 27 मे 2003 ला वर्डप्रेसचं पहिलं व्हर्जन आलं. लायसन्स जीपीएल, म्हणजे कोड कोणीही घ्यावा, बदलावा आणि पुढे वाटावा, त्यामुळे कोणाची परवानगी मागायची गरजच नव्हती. हे सगळं तो लोकांना स्टेजवर सांगायचा, पण थांबणं आपल्यालाही चालतं असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

नंतरचं काम हळूहळू झालं, चारेक महिने लागले. वर्डकॅम्पला अनेकदा भेटलेला, घरी जेवून गेलेला कोल्हापूरचा एक मुलगा होता. त्याला आधी फक्त सपोर्टचा, म्हणजे लोकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचा अधिकार दिला, कोड बदलायचा नाही, तीन महिने काम बघितलं आणि मग कमिटर केलं, म्हणजे कोड बदलायचा अधिकार दिला. दुसरं म्हणजे कंपनीकडे त्याने कधी वेळ मागितलाच नव्हता. वर्डप्रेसमध्ये 2014 पासून कंपन्यांनी 5 टक्के वेळ प्रोजेक्टला द्यावा अशी कल्पना आहे, चाळीस तासांच्या आठवड्यात दोन तास होतात. मॅनेजर आधी नाही म्हणाला, मग शुक्रवारचे दोन तास मिळाले.

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते. व्यसन आहे का ते मी न भेटता सांगू शकत नाही. पण आज रात्री "कधी झोपणार" च्या ऐवजी "आज काय करतोयस, दाखव ना" एवढं विचारून बघा आणि दाखवताना चेहरा खुलतो का पडतो ते बघा. आणि झोप, जेवण दोन्ही गेलं असेल, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलत असतील तर वही वगैरे राहू दे, आधी मानसोपचार डॉक्टरांना दाखवा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

हा मुलगा मागच्या महिन्यात भेटून गेला. रात्री सवयीने फोन अजून हातात जातो म्हणाला, पण रिव्ह्यू उघडून बघेपर्यंत कोल्हापूरच्याने उत्तर देऊन टाकलेलं असतं.