उचललं की किंचाळणारं लहान कुत्रं: कानाआधी मान तपासून घ्या

तुमचा अकरा महिन्यांचा पॉमेरेनियन सोफ्यावरून उडी मारल्यापासून मान ताठ धरतो, उचललं की किंचाळतो, आणि कानात थेंब घालूनही फरक नाही. हे मानेचं असेल का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतं, आणि तेच आधी बघायला हवं. मी डॉक्टर नाही. पण आमच्या यॉर्कीचं, छकुलीचं दुखणंही आधी कानाचंच ठरलं होतं आणि त्यात आमचे बारा दिवस फुकट गेले.

मानेच्या दुसऱ्या मणक्याला वर हाडाचा एक खिळा असतो, जात्याच्या खालच्या तळीला असतो तसा. पहिला मणका त्याच्याभोवती फिरतो. यॉर्की, चिवावा, टॉय पूडल, पॉम, माल्टीज अशा छोट्या जातींतल्या काही पिल्लांचा हा खिळा जन्मतःच आखूड असतो, कधी नसतोच, किंवा त्याला बांधून ठेवणारे लिगामेंट कच्चे असतात. मग साध्या उडीनेही मणका सरकतो आणि मज्जारज्जू दाबला जातो. बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांतच हे उघडं पडतं. नाव अॅटलांटोअॅक्सिअल इन्स्टॅबिलिटी. डॉक्टरांपुढे हे नाव स्वतःहून काढा, संकोच करू नका.

छकुलीचं मला कळलं ते जेवताना. भुकेने ओठ चाटत भांड्यापाशी उभी, पण मान खाली जाईना. भांडं पाटावर ठेवलं तर लगेच खाल्लं. दोन दिवसांनी चालताना तोल जायला लागला, पंजा उलटा पडायचा आणि नखं फरशीवर घासत जायची. तो आवाज ऐकू आला तर एक दिवसही थांबू नका.

तपासताना कुणालाही मान खाली वाकवून बघू देऊ नका, हात जोडून सांगा हवं तर. मान सहज स्थितीत ठेवून, जागेपणी, कुशीवरून एक्स-रे काढला तरी पहिल्या दोन मणक्यांमधली वाढलेली फट बऱ्याचदा दिसते. भूल दिली की मानेला आवळून धरणारे स्नायू सैल पडतात, म्हणून तेव्हा जास्तच जपावं लागतं. सीटी स्कॅन आणि एमआरआयमध्ये खिळा, मज्जारज्जू नीट दिसतात. गादी सरकली आहे का, मेंदूच्या आवरणाला सूज आहे का, तेही बऱ्याचदा कळतं.

दुखणं सौम्य असेल तर जबड्यापासून छातीपर्यंत स्प्लिंट आणि कित्येक आठवडे पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती. ऐकायला सोपं, करायला फार कठीण. हनुवटीखालचा कापूस पाण्याने भिजतो, आत कातडी सोलवटते. मी रोज वाकून वास घ्यायचे. एकदा आंबूस वास आला, उघडलं तर जखम. छकुली आठ आठवड्यांत छान चालायला लागली आणि तीन महिन्यांनी पुन्हा कोसळली, कारण सांधा मुळात सैलच होता. मग ऑपरेशन केलं: मानेच्या खालच्या बाजूने स्क्रू घालून वर बोन सिमेंट. यात धोका खरा आहे, श्वासाचे मार्ग तिथेच असतात आणि काही कुत्री ऑपरेशनमध्ये किंवा लगेच नंतर जातात. तरी चालणं बिघडत असेल तर मी ऑपरेशनच निवडेन, तेही मज्जारज्जूची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडून आणि लवकर. दुखणं जितकं जुनं, तितकी आशा कमी.

आज रात्रीपुरतं एवढं करा. गळ्यातला पट्टा काढा. पुढेही फक्त हार्नेस. सोफा, जिना, उड्या बंद, छोट्या पिंजऱ्यात ठेवा. माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळी मुळीच नको, आणि आधी स्टिरॉइड दिलं असेल तर ते नव्या डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण स्टिरॉइड आणि सूज उतरवणारं वेदनाशामक एकत्र गेलं तर पोटात अल्सर होऊ शकतात. श्वास जड वाटला किंवा उभंच राहता येईना, तर सकाळची वाट बघू नका. नेताना काखेत धरून उचलू नका: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, डोकं पाठीच्या रेषेत, आणि गाडीत कडक तळाच्या खोक्यात चादरीची गुंडाळी मानेच्या दोन्ही बाजूंना लावून ठेवा.