सहा दिवस सगळं बंद, वहिनींचा ओटा मात्र चालू

*ताई, आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. नवरा आयटीत, मी घरून थोडंफार काम करते, मुलगी चार वर्षांची. डिसेंबर संपत आला की माझ्या पोटात गोळा येतो. मुलीचं होइकुएन (पाळणाघर) 29 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद, नवऱ्याचं ऑफिस बंद, ओळखीची निम्मी कुटुंबं भारतात, शेजारचे जपानी लोक आपापल्या गावी. उरतात ते नवऱ्याचे चार सडेफटिंग मित्र. "बिचारे कुठे जातील?" म्हणून गेल्या वर्षी सहाही दिवस ते आमच्याकडे. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, रात्री "वहिनी, आज मिसळ होऊन जाऊ दे!" घर दोन खोल्यांचं. कचऱ्याची गाडीसुद्धा बंद, त्यामुळे बाल्कनीत पिशव्यांचा ढीग. 4 तारखेला सगळे "मस्त आराम झाला" म्हणत कामावर गेले आणि मी तापाने आडवी. यंदा म्हटलं, कुठेतरी जाऊ या. तर नवरा म्हणतो, सगळं बंद असतं, चालू असेल तिथे गर्दी आणि दुप्पट भाव. साताऱ्याहून सासूबाईंचा रोज फोन, "परक्या मुलखात एकटे कशाला बसता, इकडे या." तिकिटांचे आकडे पाहून डोळे फिरतात. मी फार चिडचिडी झालेय का?*

*ता.क. गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या आजींचं नववर्षाचं पोस्टकार्ड आलं होतं. त्या गडबडीत उत्तर राहून गेलं. आता त्या दिसल्या की मला लाज वाटते.*

*– एक वहिनी*

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचताना मी मिसळीपाशी थांबले. उसळ वेगळी, कट वेगळा, कांदा चिरा, लिंबं कापा, फरसाण शोधा, आणि टोकियोत पावाचीही शोधाशोध. ही फर्माईश करणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाही मिसळ केलेली नाही हे मी पैजेवर सांगते. तुला चिडचिड होते यात नवल काहीच नाही. मला नवल याचं वाटलं की ती मिसळ तू करून वाढलीस.

तुझ्या नवऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसावी. ज्या देशात तो राहतो, तिथल्या नव्या वर्षाची अख्खी रीतच घरातल्या बाईला ओट्यापासून लांब ठेवते. ओसेचीचे, म्हणजे नववर्षाच्या जेवणाचे, ते एकावर एक रचलेले लाखेचे डबे तू दुकानांतून पाहिले असशील. साखर, सोया सॉस, व्हिनेगर सढळ हाताने घातलेले टिकाऊ पदार्थ 31 तारखेपर्यंत करून ठेवायचे आणि 1 ते 3 जानेवारी तेच खायचे. या तीन दिवसांत चूल शक्यतो पेटवायची नाही. अग्निदेवतेला त्रास नको, असं एक कारण सांगतात, आणि वर्षभर राबणाऱ्या बाईला उसंत मिळावी, असं दुसरं. आपल्याकडे शीतळा सप्तमीला आदल्या दिवशी रांधून ठेवतात, तशातलाच प्रकार, फक्त मुक्काम तीन दिवसांचा. आता पुष्कळ जपानी घरांत हे डबे विकतच आणतात, डिपार्टमेंट स्टोअर्स शरद ऋतूतच मागणी नोंदवून घेतात. म्हणजे तुझ्या इमारतीतल्या आजींनाही 2 जानेवारीला कोणी "काहीतरी गरमागरम करा ना" म्हणत नसणार. ते सुख जपानमध्ये राहून तुझ्याच वाट्याला येऊ नये हे काही बरोबर नाही.

तेव्हा नवऱ्याशी बोल, आणि तेही आत्ता, 28 तारखेच्या रात्री नको. "मला जरा मदत कर" असं म्हणू नकोस. मदत मागितली की काम तुझं ठरतं आणि तो मदत करणारा भला माणूस ठरतो. सरळ सांग, "30 तारखेच्या संध्याकाळी माझा ओटा बंद होतो, 4 तारखेला उघडतो. मधल्या जेवणांचं काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." रडून नको, भांडून नको, घरभाडं कधी भरायचं हे सांगावं तितक्या साध्या आवाजात. त्याला वाईट वाटेल. वाटू दे.

29 आणि 30 ला दोघांनी मिळून टिकाऊ पदार्थ करा. गूळपोळ्या (संक्रांतीची वाट कशाला पाहायची?), तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दाण्याची चटणी, लसणाची चटणी. जपानी पदार्थांतलं गोड काळ्या सोयाबीनचं कुरोमामे आणि रताळं-चेस्टनटचं कुरिकिंतोन सुपरमार्केटात तयार मिळतं, मुलीला आवडेल. तुम्ही शाकाहारी असाल तर बाकीचं जपून घ्या. दिसायला नुसत्या भाज्या असल्या तरी त्या बहुधा माशाच्या दाशीत (सूपसारख्या पाण्यात) शिजलेल्या असतात, आणि दातेमाकीच्या पिवळ्याधमक गुंडाळीत अंड्याबरोबर मासा असतो. मोची (तांदळाचा चिकट गोळा) आणलीत तर मुलीच्या हातात अख्खा तुकडा देऊ नका. दर जानेवारीत मोची घशात अडकून माणसं, मुख्यतः म्हातारी, दगावतात, आणि लहान मुलांनाही तोच धोका.

31 च्या रात्रीचं तोशिकोशी सोबा, म्हणजे वर्ष सरताना खायच्या शेवया, हे नवऱ्याचं काम. वाळके सोबा पाच-सहा मिनिटांत उकडतात, कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि वाळवलेली शिताके (अळंबी) रात्रभर पाण्यात भिजवून ठेवली की बिनमाशाची दाशी तयार होते. ज्याला सॉफ्टवेअर जमतं त्याला हेही जमेल.

आता ते चार मित्र. त्यांच्यावर दार बंद कर असं मी सांगणार नाही. परक्या शहरात, एका खोलीत, आजूबाजूचं सगळं सामसूम असताना सहा दिवस काढणं सोपं नाही, आणि तुझ्या घरी येणं ही त्यांची चैन नसून गरज असेल. पण गरज एका संध्याकाळीही भागते. 31 तारीख त्यांना दे. चौघांनी चार पदार्थ आणायचे, विकत आणले तरी चालतील, आणि निघताना भांडी घासून जायचं. बारा वाजता जवळच्या देवळात घंटेचे 108 टोल ऐकायला त्यांना घेऊन जा. हल्ली आवाजाच्या तक्रारींमुळे काही देवळं घंटा दिवसाउजेडी वाजवतात, तसं एखादं जवळ असेल तर मुलीसाठी फार बरं. शिबुयाला काउंटडाउन बघायला जाऊ असं कोणी म्हणालं तर त्याला सांग, तो कार्यक्रम गेली काही वर्षं रद्दच आहे आणि रस्त्यावर पिण्यावर बंदी आहे. उरलेल्या दिवसांसाठी त्यांना सेइशुन जुहाची या रेल्वे तिकिटाची माहिती दे. तीन दिवस सलग जेआर रेल्वेच्या साध्या गाड्यांनी कुठेही फिरा, 10,000 येन. पाच दिवसांचं 12,050. सडेफटिंगांसाठीच काढलेलं वाटावं इतकं त्यांना फिट बसतं.

"सगळं बंद असतं" हे नवऱ्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. बँका, वॉर्ड ऑफिस, दवाखाने बंद, 1 तारखेला बरीच सुपरमार्केटंही बंद. कचऱ्याचं वेळापत्रक तुमच्या वॉर्डच्या पत्रकात बघ आणि शेवटच्या गाडीआधी घर रिकामं कर, म्हणजे यंदा बाल्कनीत उभं तरी राहता येईल. तापाची आणि खोकल्याची औषधं आधीच आणून ठेव. रात्री मुलीचं काही दुखलंखुपलं तर 8000 च्या आधी हॅशचं बटण दाबून फोन कर, मुलांच्या आजारासाठी तिथे सल्ला मिळतो. मोठ्यांसाठी तसाच 7119, तो टोकियोत चोवीस तास चालू असतो.

भावाबद्दलही त्याचं खरं आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांची हॉटेलं या आठवड्यात खिसा कापतात, आणि नोझोमी या वेगवान शिनकानसेन गाडीला या दिवसांत बिनआरक्षित डबाच नसतो. मग गरम झऱ्यांच्या हाकोनेला मुक्कामाला जायचं तर जानेवारीच्या मधल्या एखाद्या आठवड्यात, एक रजा टाकून जा. पण टोकियो या दिवसांत ओस पडलेलं असतं आणि हवा कोरडी, आकाश निळंशार. हे शहर पाहायला याहून चांगला आठवडा नाही. त्याला पैसेही फारसे पडत नाहीत, हे नवऱ्याला आवर्जून सांग.

1 तारखेला पहाटे कासाई रिनकाई पार्कच्या किनाऱ्यावर जा. तुमच्या घरापासून जवळ आहे, सूर्य साधारण 6:50 ला उगवतो, आणि त्या पहिल्या सूर्यासाठी सगळा परिसर थंडीत कुडकुडत उभा असतो. थर्मासमध्ये चहा ने. चहा नवरा करेल. मेइजी जिंगू या मोठ्या देवस्थानाच्या वाटेला चार वर्षांचं मूल घेऊन जाऊ नकोस. तीन दिवसांत तीसेक लाख माणसं येतात तिथे, आणि मुलीला पुढच्यांच्या पाठीशिवाय काही दिसणार नाही. गल्लीतल्या जिंजात (शिंतो देवळात) पाच येनचं नाणं टाका, दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार. तीही हात्सुमोदेच, वर्षातलं पहिलं देवदर्शन.

2 तारीख मला सगळ्यात आवडते. तुमच्या तोझाई मेट्रो लाईनने थेट ओतेमाचीला उतरा. सकाळी 8 वाजता तिथून हाकोने एकिदेन सुटते, विद्यापीठांच्या मुलांची रिले शर्यत, 1920 पासूनची. पाच जण धावत आशिनोको तळ्यापर्यंत जातात, दुसऱ्या दिवशी दुसरे पाच जण परत ओतेमाचीला येतात, मिळून 217 किलोमीटर. खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा, तासुकी म्हणतात त्याला, पुढच्याच्या हातात द्यायचा. सुरुवातीला मुलं डोळ्यांसमोरून काही सेकंदांत निघून जातात, तेव्हा मुलीला आधीच बाबांच्या खांद्यावर बसव. तिथून राजवाडा चालत जाण्याइतका जवळ. त्याच दिवशी सम्राट आणि राजघराणं काचेच्या सज्जात येऊन लोकांना नववर्षाच्या शुभेच्छा देतात. प्रवेश फुकट, तपासणीची रांग मात्र लांब. वेळा आधी राजघराण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

3 तारखेला जमलं तर उएनोला शिनोबाझु तळ्याच्या मधोमध बेन्तेनचं देऊळ आहे, तिथे जा. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इकडे आली. जानेवारीच्या सुरुवातीला लोक सात भाग्यदेवतांची देवळं पायी फिरतात, त्या यानाकाच्या वाटेवरचं हे एक. तिथून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लाव. "परका मुलूख" हा मुद्दा तेवढ्यापुरता तरी निकालात निघेल.

सासूबाईंचं मात्र नुसत्या फोनवर भागवू नकोस. त्यांना नात हवी आहे, आणि ते रास्तच आहे. पण डिसेंबरअखेर साताऱ्यात जाऊन करायचं काय? चुलत भावंडांच्या शाळा चालू, घरातले कामावर, आणि तुम्ही प्रवासाच्या थकव्यात सहा दिवस काढून परत. त्यापेक्षा एप्रिलअखेरच्या गोल्डन वीकला रजा जोडून जा. तिकीट तेव्हाही स्वस्त नसतं, पण मुलांना सुट्ट्या असतात आणि हापूस असतो. तारखा आत्ताच ठरवा, तिकिटं काढा आणि त्या तारखा नवऱ्याने स्वतः आईला सांगाव्यात, तुझ्या तोंडून नको. "बघू, जमवू" हे उत्तर ऐकून सासूबाईही कंटाळल्या असतील. 31 ला तुमचे बारा वाजतील तेव्हा साताऱ्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतील, जेवणाची वेळ. तेव्हा फोन कर, सगळे एकत्र भेटतील.

राहिल्या खालच्या आजी. यंदा पहिलं कार्ड तू पाठव. पोस्टात नेंगाजो (नववर्षाची कार्डं) मिळतात, साधं कार्ड घेतलंस तर 85 येनचं तिकीट लाव आणि दर्शनी बाजूला लाल अक्षरांत नेंगा असं लिही, नाहीतर ते डिसेंबरातच पोहोचेल. 15 डिसेंबरपासून 25 पर्यंत टाकलंस तर बरोबर 1 तारखेला त्यांच्या पेटीत पडतं. चित्र मुलीला काढू दे. मात्र त्यांच्याकडून डिसेंबरच्या सुरुवातीला घरात कोणी वारल्याचं कार्ड आलं, तर नेंगाजो पाठवायचं नाही. अशा वेळी 7 जानेवारी उलटल्यावर थंडीत तब्येतीची विचारपूस करणारं कार्ड पाठवतात, कानचू मिमाई. आणि मागच्या वर्षीच्या उत्तराबद्दल जिन्यात माफी मागत बसू नकोस, ओजिगी, म्हणजे वाकून नमस्कार, करून पुढे जा.

– ताई