वाचकांचे प्रश्न : वजन ठीक, मग उंची का कमी?

प्रश्न : माझा मुलगा नुकताच २ वर्षांचा झाला. त्याचे वजन १० किलो आहे आणि उभे करून मोजल्यावर उंची ७९ सेंटीमीटर भरली. अंगणवाडीताईंनी नोंदीत ‘बुटकेपणा’ असे लिहिले. तो अंगाने बारीक नाही, दिवसभर खेळतो, आणि आमचे घराणेच ठेंगणे आहे असे सासूबाईंचे म्हणणे आहे. जन्मतः तो २ किलो ३०० ग्रॅमचा होता, वरचे अन्न आम्ही नवव्या महिन्यात सुरू केले आणि गेल्या वर्षभरात त्याला बरेचदा जुलाब झाले. मला आता पुन्हा चौथा महिना चालू आहे. असे कशामुळे झाले असेल?
— एक वाचक, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : ताई, अंगणवाडीतील नोंद गांभीर्याने घ्या, मात्र आधी उंची एकदा पुन्हा मोजून घ्या, कारण टाच उचललेली असेल किंवा मान वाकलेली असेल तर एखाद्या सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. २ वर्षांच्या मुलाची उंची ८१ सेंटीमीटरच्या खाली असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार त्याची वाढ खुंटली आहे असे समजतात. तुमच्या मुलाचे वजन त्याच्या उंचीला शोभेल इतके आहे, म्हणून तो बारीक दिसत नाही आणि म्हणूनच घरात कोणाच्या लक्षात आले नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५ वर्षांखालील ३५.२ टक्के मुले अशी आढळली.

सासूबाईंच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. ही मानके ठरवताना भारतासह ६ देशांतील मुले मोजली होती, आणि पोटभर सकस अन्न व स्वच्छ परिसर मिळालेली मुले सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढत होती. १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या आईच्या बाळाला हा धोका अधिक असतो हे खरे. परंतु त्या आईची उंची तिच्या स्वतःच्या बालपणी खुंटलेली असण्याचीही शक्यता असते. घराण्याकडे बोट दाखवले की पुढचे सारे प्रश्न विचारायचे राहून जातात.

तुमच्या पत्रात मात्र त्यांची उत्तरे बरीचशी आहेत. अडीच किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेले बाळ मागूनच सुरुवात करते. आईचे कमी वय, रक्तक्षय, अपुरा आहार, दोन बाळंतपणांतील कमी अंतर, चुलीचा धूर आणि मशेरी ही त्याची नेहमीची कारणे आहेत. (मशेरीबद्दल स्पष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून मी विचारतोच.) पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९० च्या दशकात जवळच्या ६ गावांत केलेल्या अभ्यासात, दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खाणाऱ्या गर्भवतींची बाळे जन्मतः मोठी असल्याचे दिसले होते.

दुसरे कारण नवव्या महिन्याचे. ६ महिने पूर्ण झाल्यावर अंगावरच्या दुधातून मिळणारी ऊर्जा आणि लोह बाळाला पुरत नाही. दूध चालू ठेवून वरचे अन्न तेव्हाच सुरू करायला हवे. शिवाय आपल्याकडे सुरुवात होते ती वरणाच्या पाण्याने आणि पातळ पेजेने, ज्याने पोट फुगते पण पोषण होत नाही. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट असावा : घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, वर तूप किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट, शिजवलेली भाजी, चालत असेल तर अंडे. २ वर्षांच्या मुलाला दिवसातून ३ ते ४ वेळा जेवण आणि मध्ये एकदोनदा फळ किंवा इतर खाऊ हवा. गोठ्यातले सगळे दूध सकाळी डेअरीला जाते आणि घरातल्या लेकराच्या पुढ्यात चहा-बिस्किट येते, हे दृश्य मला सधन घरांतही दिसते. चहाने भूक मरते आणि अन्नातील लोहही कमी शोषले जाते.

तिसरे कारण जुलाब. प्रत्येक आजारपणात मूल कमी खाते, खाल्लेले पूर्ण पचत नाही, आणि भरून निघण्याआधी पुढचे दुखणे येते. परिसर अस्वच्छ असेल तर जुलाब न होताही आतड्याचे अस्तर खराब होऊन अन्न नीट शोषले जात नाही. साठवणीचे पाणी झाकून ठेवा, ते ओगराळ्याने काढा, भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवा. जुलाब लागल्यास ओआरएस आणि १४ दिवस झिंक द्या आणि जेवण थांबवू नका.

मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइड, क्षयरोग, गव्हाचे न पचणे यांसारखी कारणे थोड्या मुलांत असतात, पण ती पाहावी लागतात. २ वर्षांनंतर मागे पडलेली सगळी उंची भरून येणे कठीण असते, तरी वाढ सुधारते. येत्या ६ महिन्यांत सुमारे ४ सेंटीमीटर वाढ अपेक्षित आहे.

पोटातल्या बाळाची वाढ मात्र आजच ठरते आहे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका, हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर उपचार घ्या, आणि ‘बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल’ म्हणून कोणी कमी खायला सांगितले तर ते ऐकू नका.

प्रश्न : आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवर राहणाऱ्या मुलांत हे प्रमाण अधिक का दिसते?
— अंगणवाडी सेविका, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : वर सांगितलेली बहुतेक कारणे तिथे एकत्र येतात. पहाटे कोयता घेऊन फडात गेलेली आई दिवसा बाळाला वेळेवर पाजू किंवा भरवू शकत नाही, पाणी आणि शौचालयाची सोय अपुरी असते, आणि लसी व वजन-उंचीच्या नोंदी गावी राहतात. माता-बाल कार्ड सोबत आणले आहे का हे टोळी आल्याबरोबर मुकादमामार्फत विचारून घ्या, २ वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांची उंची-वजने पहिल्याच आठवड्यात घ्या, आणि परतताना नवी नोंद त्याच कार्डावर लिहून द्या.