आभाळाची वही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या गॅलरीत डिजिटल तापमापक लावला आहे. परवा दुपारी त्याने ४४ अंश दाखवले, बातम्यांत मात्र नाशिकचे कमाल तापमान ३९ च्या आसपास सांगितले. खरा आकडा दडवतात का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : दडवत नाहीत हो. तुमच्या तापमापकाने हवा मोजलीच नाही. त्याने उन्हात तापलेली भिंत, लोखंडी ग्रिल आणि स्वतःचे प्लास्टिक मोजले. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. पेटीला चारी बाजूंनी झडपा असतात, त्यामुळे आत वारा खेळतो पण ऊन लागत नाही. ती मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असते आणि तिचे दार उत्तरेला असते.

मी सातपूरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे मापनयंत्रे तपासली, तरी घरी माझ्याकडून अशीच चूक झाली. मखमलाबादच्या आमच्या गच्चीवर पहिली पेटी मी पश्चिमेच्या कठड्याला लावली होती. दुपारभर तापलेला कठडा रात्री आठपर्यंत ऊब सोडत राहायचा. दोन उन्हाळ्यांच्या संध्याकाळच्या नोंदी दीड-दोन अंशांनी चढ्या आल्या. ती पाने मी फाडलेली नाहीत. प्रत्येकावर लाल पेन्सिलीने ‘कठडा’ असे लिहून ठेवले आहे.

तुम्ही तापमापक उत्तरेच्या बाजूला, सावलीत, भिंतीपासून हातभर लांब टांगा. एसीचे बाहेरचे युनिट जवळ नको. त्याआधी यंत्र तपासून घ्या. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ भरा, तो भिजेल इतकेच गार पाणी ओता, ढवळा आणि दहा मिनिटे थांबा. त्यात पाण्यात चालणारा वायरचा सेन्सर बुडवला, की शून्य दिसायला हवे. ०.८ दिसले तर रोजच्या नोंदीतून ०.८ वजा करा. मी हे दर १ मार्चला करते. पारा शून्याच्या रेघेवर येऊन थांबला, की मला आजही समाधान वाटते.

आणखी एक. नुसता ४० चा आकडा दिसला म्हणून उष्णतेची लाट ठरत नाही. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवे आणि शिवाय ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त हवे. पारा ४५ ला पोहोचला, तर मात्र सरासरी न बघताही लाट धरतात. सध्या ही सरासरी १९९१ ते २०२० या तीस वर्षांची धरतात.

प्रश्न : काढलेला उन्हाळ कांदा शेतातच पातीखाली झाकून ठेवलाय. मोबाइल सांगतो पाऊस येणार, पण येत नाही. आणि सांगत नाही त्या दिवशी झोडपून जातो. तासभर आधी तरी कळेल का?
– एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : दादा, तासभर आधी बऱ्याचदा कळते, पण त्या दिवशी पहाटेपासून आभाळाकडे लक्ष हवे. पहाटेच अंग चिकचिकले, किमान तापमान आदल्या दिवसापेक्षा दोन-तीन अंशांनी वर राहिले, तर हवेत बाष्प आले असे समजा. बारा-एकच्या सुमाराला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उठतात. त्यांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या ठळक असतात, तोवर ढग वाढतो आहे. माथा विसकटून लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरला, की ताडपत्री काढायला घ्या.

मग वारा पडतो. आमच्या दारच्या कडुनिंबाचे पान हलत नाही, चिमण्या गप्प होतात. आणि एकदम ढगाच्या बाजूने गार झोत येतो, धुळीसकट. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत विरतात, त्यात हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी माझ्या पेटीतला आकडा वीस मिनिटांत ३७ वरून २६ वर आला, आणि पाऊस त्यानंतर पडला. झोत लागला, की हातात फार तर काही मिनिटे उरतात. त्या वेळी कांदा झाकायला धावू नका.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर ती लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली तर मुळीच थांबू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास कुठे वीज पडते आहे ते दाखवते. तेही मोबाइलमध्ये असू द्या. कांदा पुन्हा पिकवता येतो, दादा.

प्रश्न : दिवस सर्वांत मोठा जूनमध्ये, मग आपल्याकडे पारा एप्रिल-मेमध्येच का चढतो?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २०-२१ मेच्या सुमारास सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि भरदुपारी काठीची सावली नाहीशी होते. जुलैत तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. मे सरता सरता पश्चिमेचा दमट वारा घाट चढून येऊ लागतो आणि जूनमध्ये मॉन्सूनचे ढग ऊन अडवतात.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला पाऊस मोजायचा आहे, पण पर्जन्यमापक महाग आहे.
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : बाळा, सपाट बुडाचा आणि वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा डबा घे. निमुळती बाटली नको. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेव आणि वाऱ्याने पडू नये म्हणून विटांमध्ये बसव. साचलेल्या पाण्यात पट्टी उभी धरून मिलिमीटर वाच. पट्टीचे शून्य अगदी टोकाला नसेल, तर टोकापासून शून्यापर्यंतचा भाग मोजून मिळवायला विसरू नकोस. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी.

रोज सकाळी साडेआठला मोज, लिही आणि डबा रिकामा कर. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो. म्हणून १४ तारखेच्या संध्याकाळी वळीव आला, तर तो १५ तारखेच्या रकान्यात लिहायचा. डबा कोरडा असेल त्या दिवशी ०.० लिही. रकाना रिकामा ठेवलास, तर पाऊस नव्हता की तू गावाला गेली होतीस, हे पुढच्या वर्षी तुलाच कळणार नाही.