शेजारी नोड शोधताना अंतर मोजू नका

तुम्ही म्हणता, टेट्रा मेशमध्ये (चार कोपऱ्यांच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये, विभागलेल्या मॉडेलमध्ये) नोडचे, म्हणजे कोपऱ्याच्या बिंदूचे, शेजारी म्हणून ठरावीक अंतरातले सगळे नोड उचलता आणि अरुंद खाचेजवळ उत्तरं चुकतात. चुकणारच. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात दोन वाड्यांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पण पलीकडे हळदीकुंकवाला जायचं तर अख्खी गल्ली वळसा घालून जावं लागतं. मेशमधला शेजारही एलिमेंटच्या यादीवरून (कुठल्या एलिमेंटचे कोपरे कुठले नोड) ठरतो, कोऑर्डिनेट्सवरून नाही. मीही हे करून बसलोय: एका ब्रॅकेटच्या खाचेच्या दोन्ही काठांवरचे ताण सरासरीत मिसळले, आणि मी दोन दिवस सॉल्व्हरला (ताण काढणाऱ्या प्रोग्रामला) शिव्या घालत होतो.

आधी उलटी यादी करा. सगळ्या एलिमेंटमधून एकदाच फिरायचं आणि प्रत्येक नोडपुढे तो कुठल्या एलिमेंटमध्ये आहे ते लिहायचं. समजा दोन त्रिकोण आहेत, पहिला १-२-३, दुसरा २-४-३. नोड २ पुढे दोन्ही एलिमेंट येतात. त्यांतून स्वतः २ वगळला की मिळतात १, ३, ४, ३. तीन दोनदा आला. इथे बरेच जण सेट (एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा संच) वापरतात. चालतो, पण मोठ्या मेशवर मेमरी खातो. मी नोडसंख्येएवढा एक खुणांचा अ‍ॅरे ठेवतो. नोड २ चे शेजारी गोळा करताना जो भेटेल त्याच्या जागी '२' लिहायचं. आधीच '२' असेल तर पुढे. नोड ३ ची पाळी आली की खूण '३' ची, म्हणून अ‍ॅरे पुसावाच लागत नाही.

उलटी यादी न करता दर नोडला एलिमेंटची सगळी यादी चाळली तर १ लाख नोड आणि ५ लाख टेट्रांना ५,००० कोटी तपासण्या होतात. उलट्या यादीत नोंदी फक्त २० लाख.

टेट्रात एलिमेंटमधला प्रत्येक कोपरा दुसऱ्याला कडेने जोडलेला असतो, म्हणून एवढ्यावर भागतं. हेक्सात (आठ कोपऱ्यांच्या, विटेसारख्या एलिमेंटमध्ये) नाही. नियमित हेक्सा मेशमध्ये आतल्या नोडला कडेचे शेजारी ६, एलिमेंट वाटून घेणारे २६. स्टिफनेस मॅट्रिक्ससाठी (सॉल्व्हर जी समीकरणं सोडवतो त्यांच्या तक्त्यासाठी) २६ लागतात, मेश स्मूदिंगला (नोड किंचित सरकवून मेश नीटस करायला) सहसा ६ पुरतात.

एवढं करूनही दोन भागांच्या सांध्यावर शेजारी गायब दिसले, तर कोडवर संशय घेऊ नका. भाग वेगळे मेश करून आणले असतील तर एकाच जागी दोन क्रमांकांचे नोड बसलेले असतात. ते आधी मर्ज करा, पण टॉलरन्स (किती जवळचे नोड एकच मानायचे ते अंतर) खाचेच्या रुंदीपेक्षा बराच कमी ठेवून, नाहीतर खाचच शिवली जाईल.