जुना कागद परभणीचा, गाव हिंगोलीचं

प्रश्न : आजोबांच्या जमिनीच्या कागदावर ‘जिल्हा परभणी’ आणि ‘सन १३५७ फ.’ असं आहे. आमचं गाव सेनगाव तालुक्यात. नक्कल कुठं मागायची?

उत्तर : जिल्ह्याच्या नावानं गोंधळू नका. परभणीतून हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधीच्या कागदावर परभणीच असणार. ‘फ.’ म्हणजे निजामी फसली साल. त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९४७-४८.

आधी सेनगाव तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पत्रकाच्या, म्हणजे जमीन कुणाकडे नि किती याच्या जुन्या नोंदीच्या, नकलेचा अर्ज द्या. तिथं नसेल तर हिंगोली जिल्हाधिकारी कार्यालय, शेवटी परभणी. अर्जात नुसता आजचा गट नंबर घालू नका. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. जुन्या नोंदी सर्व्हे नंबरवर आहेत, गट पडले ते एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र जोडले तेव्हा. दोन्हींचा मेळ तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गट स्कीमच्या उताऱ्यावर मिळतो. तो आधी काढा.

नक्कल उर्दूत निघाली तर जाणकाराकडून वाचून घ्या, पण नावाआधी क्षेत्र ताडून पाहा. एकर-गुंठे जुळले, तर नावातला एखाद्या अक्षराचा फरक फारसा घाबरवणारा नसतो.