आधी पेटीवर

प्रिय पोरा,

रविवारी लॅपटॉप घेऊन आलास, गाणं ऐकवलंस आणि विचारलंस, "काका, अजून काय टाकू?" मी ट्रॅक मोजले, एकावर एक चढवलेले आवाजाचे थर. बत्तीस. तू गेल्यावर रात्री डोळा लागेना, म्हणून लिहितोय.

काही टाकू नकोस. सगळे ट्रॅक बंद कर, पेटी काढ आणि नुसत्या पेटीवर ते गाणं म्हण. भात्याच्या श्वासावर ते उभं राहिलं, तर रेकॉर्डिंगचं बोलू.

आठ वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलंस, म्हणून तुला हे कळायला जड जातंय. तिथे चाल अशक्त असली तरी कुणी ना कुणी सावरतं. अंतरा पडतोय असं दिसलं की ढोलकीवाला लग्गी लावतो, ऑक्टोपॅडवाला मध्ये घुसतो, टाळ्या पडतात आणि चाल चांगली होती असं समजून आपण घरी येतो. एकट्याच्या खोलीत सावरायला कुणी नसतं. तू ती सगळी माणसं लॅपटॉपमधून परत उभी केलीस, एवढंच. दुसऱ्या कडव्यात कोमल निषादावरून खाली येणारी एक ओळ आहे तुझी. फार सुंदर आहे रे ती. बत्तीस ट्रॅकांखाली गाडलीस. पेटीवर ती सगळ्यात आधी ऐकू आली असती.

मी एकोणीस वर्षं कीबोर्ड वाजवला, हुतात्मा स्मृतिमंदिराच्या रंगमंचापासून लग्नाच्या मांडवापर्यंत. ऑर्केस्ट्रा सोडला तेव्हा सगळे म्हणाले, याच्या डोक्यात हवा गेली. तसं नव्हतं. रोज रात्री दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवून माझी स्वतःची चाल मला सुचेनाशी झाली होती. सोडलं ते बरोबरच केलं, आजही तेच म्हणेन. चूक पुढे झाली. एका गाण्यावर दोन वर्षं घालवली. आमचा ढोलकीवाला दोन गल्ल्या सोडून राहायचा, त्याला बोलावलं नाही. कीबोर्डातली ढोलकी लावली, कारण मला एकट्याने करून दाखवायचं होतं. त्याला एकदा पेटीवर ऐकवलं असतं, तर पहिल्या मिनिटाला म्हणाला असता, "मुखडा कुठाय?" मुखडाच नव्हता. तो जाऊन सहा वर्षं झाली. गाणं हार्डडिस्कवर पडून आहे.

तू विचारलेलं बाकीचं पटकन सांगतो. भिंतीवर चादरी टांगल्यास, त्याने खोलीचा घुमारा कमी होईल, शेजारच्या यंत्रमागाची धडधड थांबणार नाही. खर्जातला आवाज चादरीला जुमानत नाही. माग बंद झाल्यावर रात्री गा, आणि फॅन बंद करून. मे महिन्यात सोलापुरात फॅन बंद करणं काय असतं ते मला ठाऊक आहे. तरी बंद. हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो म्हणालास. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, १२८ वर आण, ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगला बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. बत्तीस ट्रॅक चालू ठेवून हे केलंस तर लॅपटॉप कुरकुरेल. तोही माझ्याच बाजूने बोलतोय.

पेटी जुनी झाली असलं काही सांगू नकोस. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये घरी बसून चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी भरली. मग बँड घेऊन स्टुडिओत तीच करून पाहिली, आणि शेवटी घरच्या कॅसेटवरचीच बाहेर आणली. एका गिटारवर उभी राहणारी गाणी होती ती. त्याची गिटार, आपली पेटी. आधी पेटीवर, किती वेळा सांगू?

गुरुवारी संध्याकाळी ये. लॅपटॉप आणू नकोस. माझ्या पेटीचा एक सूर जरा उतरलाय, पण चालेल. येताना तुझ्या ढोलकीवाल्या मित्राला घेऊन ये. ढोलकी घरीच ठेवू दे, त्याने फक्त ऐकायचंय.

तुझा,
काका